सायलेन्सरचा बोल्ट तुटण्याआधी: जुन्या गाडीला स्टड का बसवायचे

आजचा भाग ऐकताना कानात हेडफोन आणि हातात १० चा पाना असेल, तर पाना जरा खाली ठेवा. आधी ऐका, मग उघडा.

झालं असं की चिपळूणहून एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. वडिलांची नव्वदच्या दशकातली १०० सीसी गाडी. वडिलांनी तिच्यावर अख्खी नोकरी केली, आता गाडी मुलाकडे आली. सायलेन्सर हेडजवळ फटफट करायला लागला म्हणून पॅकिंग बदलायला घेतलं, तर दोन बोल्टपैकी एक सुटला आणि दुसरा आतच तुटला. गॅरेजवाला म्हणतो, "हेड बदला." मूळ हेड मिळत नाही, मिळतं ते डुप्लिकेट, आणि वडील म्हणतात मग राहू दे, भंगारात घाल. मुलगा विचारतो, खरंच हेड बदलावं लागतं का?

बहुतेक वेळा नाही लागत. तुटलेला बोल्ट निघतो. आणि निघाला की त्या जागी परत बोल्ट घालायचा नाही, स्टड घालायचा. आजचा विषय एवढाच, पण त्यात बरंच काही आहे.

आधी शब्द नक्की करू. बोल्ट म्हणजे ज्याला डोकं असतं, तो पान्यानं फिरवत हेडच्या आट्यांत जातो. स्टड म्हणजे बिनडोक्याचा दांडा, दोन्ही टोकांना आटे. एक टोक हेडमध्ये कायमचं राहतं, दुसरं बाहेर येतं, त्यावर सायलेन्सरची फ्लँज चढते आणि वरून नट. काम दोघांचं एकच, बेंड पाइप हेडला दाबून धरायचा. फरक आहे तो झीज कुणाची होते यात.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना कंपनीतूनच स्टड येतात की. बरोबर. बाजारात "सायलेन्सर स्टड" म्हणून सुटे मिळतात ते त्यासाठीच. मग बोल्ट आला कुठून? पंधरा-वीस वर्षांत कधीतरी स्टड गंजला, नटासोबत बाहेर आला किंवा तुटला, दुकानात स्टड नव्हता, गिऱ्हाईक घाईत होतं, आणि मिस्त्रीनं डब्यातला एक बोल्ट लावून दिला. गाडी चालू झाली, सगळे खूश. हे ओळखायची एक सोपी खूण आहे. जपानी घराण्याच्या गाड्यांवर ८ मिमीच्या बोल्टला किंवा नटाला सहसा १२ चा पाना लागतो. हार्डवेअरच्या दुकानातल्या ८ मिमीच्या बोल्टला १३ चा लागतो. सायलेन्सरवर १३ चा पाना बसला, तर तिथं बहुधा कुणाचा तरी हात फिरून गेलाय. ६ मिमीच्या बाबतीत ही युक्ती चालत नाही, तिथं दोन्हीकडे १० च.

सगळाच दोष गॅरेजचा नाही बरं का. काही गाड्या कंपनीतूनच बोल्ट घेऊन आल्या. सुझुकीची जीएस मालिका घ्या. १९७६ ची जीएस ७५०, चार सिलिंडर, चार पाइप, प्रत्येक पाइपला दोन, म्हणजे आठ बोल्ट, सगळे थेट अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये. परदेशात राहणारे आपले काही श्रोते असल्या जुन्या गाड्या हौसेनं घेतात, त्यांना हे दुखणं पाठ असेल. आणि सगळ्यांना हा प्रश्न लागूच नाही, हेही सांगून टाकतो. जुन्या बुलेटचा पाइप हेडमध्ये नुसता दाबून बसवलेला. जावा-येझदीला मोठा गोल आट्यांचा नट, त्याला हुक पाना लागतो. त्यांची दुखणी वेगळी, त्यावर कधीतरी स्वतंत्र बोलू.

बरं, बोल्ट आत जाम का होतो? तीन गोष्टी एकत्र येतात.

पहिली, दोन धातू. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, बोल्ट लोखंडाचा. दोघांच्या मध्ये पाणी आलं, त्यात थोडं मीठ आलं, की छोटीशी बॅटरी तयार होते आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. जो पांढरा भुगा दिसतो ना आट्यांत, तो त्याचाच. हा भुगा मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतो. आट्यांच्या फटीत तो ठासून भरतो आणि बोल्टला पाचरीसारखं आवळून धरतो. कोकणात, मुंबईत, गोव्यात समुद्राची हवा आहे, तिथं हे लवकर होतं. शिवाय एक्झॉस्टचं तोंड बहुतेक गाड्यांना पुढच्या बाजूला. पावसाळ्यात पुढचं चाक जे पाणी उडवतं ते थेट तापलेल्या बोल्टवर.

दुसरी, उष्णता. अ‍ॅल्युमिनियम तापलं की लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. आकडा हवा असेल तर एक मीटर लांबीला एका अंशाला अ‍ॅल्युमिनियम सुमारे २३ मायक्रॉन, लोखंड सुमारे १२. आता २० मिमी आट्यांची लांबी धरा आणि २०० अंशांनी तापलं असं समजा. अ‍ॅल्युमिनियम वाढलं ०.०९२ मिमी, लोखंड ०.०४८. फरक ०.०४४ मिमी, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. पण गाडी रोज सकाळी तापते, ऑफिसात थंड होते, संध्याकाळी परत तापते. वर्षानुवर्षं आटे एकमेकांवर घासतात, आणि त्या घासण्यात तो पांढरा भुगा अजून घट्ट बसत जातो.

तिसरी गोष्ट म्हणजे आपला हात. ६ मिमीचा बोल्ट दिसतो त्यापेक्षा फार नाजूक. आट्यांमधून ताण घेणारं क्षेत्रफळ फक्त २० चौरस मिमीच्या आसपास. ८ मिमीचं ३६ च्या वर. ६ मिमीच्या बोल्टला साधारण १० न्यूटन मीटर पुरतं. आणि आपण काय करतो? १२ सेंटिमीटरचा पाना घेऊन टोकाला १५ किलोचा जोर लावला तर साडेसतरा होतात! पंधरा किलो म्हणजे काही विशेष नाही, सिलिंडरवाले दादा तेवढं एका बोटावर उचलतात. वरून "घट्ट कर, फटफट येतोय" असं म्हणणारा गिऱ्हाईक शेजारी उभा.

आता या तिन्हींमध्ये स्टड काय वेगळं करतो ते बघा.

बोल्ट दर वेळी काढता-घालता अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांत फिरतो, तेही दाबाखाली. म्हणजे प्रत्येक सर्व्हिसला हेडची झीज. स्टड एकदा आत बसला की हलत नाही. फिरतो तो नट, आणि नट फिरतो स्टडवर, लोखंड लोखंडावर. झिजला तर नट झिजेल, फार तर स्टड. दोन्ही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. हेड मिळत नाही. मी दिवसभर कोड लिहितो, तिथंही हाच विचार असतो, की बिघाड व्हायचाच असेल तर तो स्वस्त आणि बदलता येणाऱ्या भागात व्हावा. असो, ऑफिस इथं नको.

दुसरा फायदा, आटे किती खोल जातात यावर ताबा. अ‍ॅल्युमिनियममध्ये आट्यांची पकड व्यासाच्या किमान दीडपट तरी हवी. ६ मिमीला ९, ८ मिमीला १२ मिमी. दुप्पट मिळाली तर उत्तम. बोल्टच्या बाबतीत हे फ्लँजच्या जाडीवर आणि पॅकिंगवर अवलंबून राहतं. मिस्त्रीनं बोल्टखाली दोन वॉशर टाकले, की पकड गेली पाच-सहा मिमीवर. बाहेरून काहीच कळत नाही. मग एक दिवस ते चार आटे सोलून बाहेर येतात. उलटही होतं, बोल्ट लांब निघाला तर तो भोकाच्या तळाला टेकतो, तुम्हाला वाटतं घट्ट झाला, आणि फ्लँज मात्र ढिलीच. स्टड आधी हातानं पूर्ण खोल बसतो, बाकीचा हिशेब बाहेर नट बघतो.

तिसरा, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा. नट जाम झाला तर तो बाहेर आहे, डोळ्यांसमोर. करवतीनं कापा, छिन्नीनं फोडा, तापवून लाल करा. बोल्ट जाम झाला तर तो आत आहे.

चौथा छोटा आहे पण एकट्यानं काम करणाऱ्याला पटेल. सायलेन्सर दोन स्टडवर अडकून राहतो, दोन्ही हात मोकळे. बोल्टच्या वेळी एका हातात पाइप, एका हातात बोल्ट, आणि पॅकिंगची रिंग खाली गडगडत गटाराच्या दिशेनं.

तोटेही आहेत. स्टड बाहेर जेवढा येतो तेवढा पाइप सरळ पुढे ओढून काढावा लागतो. काही गाड्यांत पुढची फ्रेमची नळी किंवा मडगार्ड आडवं येतं, तिथं आधी मोजून बघा. आणि स्टड गंजतच नाही असंही नाही. लक्ष दिलं नाही तर दहा वर्षांनी तोही तुटेल.

आता काम. जुना बोल्ट काढणं हा यातला नव्वद टक्के भाग आहे, आणि इथं घाई करणाऱ्याला माफी नाही.

आदल्या दिवशी संध्याकाळी वायर ब्रशनं बोल्टभोवतीची काजळी, गंज साफ करा. भेदक तेल मारा. मी भेदक तेल म्हणतोय, चेनला मारायचं ग्रीस नाही. रात्रभर मुरू द्या, सकाळी परत मारा. मग सहा कोनांचं गोटी-सॉकेट घ्या, बारा कोनांचं नको, ते गंजलेलं डोकं गोल करून टाकतं. डोक्यावर हातोडीनं सरळ दोन-चार ठोके द्या, जोरात नाही, पण आतला भुगा तडकला पाहिजे. पहिली हालचाल सोडवायच्या दिशेला नाही, घट्ट करायच्या दिशेला, अगदी किंचित. "टक्" असा आवाज आला की अर्धं काम झालं. मग पाव फेरा मागे, थोडा पुढे, परत मागे. तेल. परत. बोल्ट स्प्रिंगसारखा लवचिक वाटला, म्हणजे पाना फिरतोय पण आतलं काही फिरत नाही असं वाटलं, तर तिथंच थांबा. तो पिळ पडतोय. अजून एक झटका आणि तुटला.

तिथं थांबून काय करायचं? उष्णता द्यायची. बोल्टला नाही, बोल्टभोवतीच्या अ‍ॅल्युमिनियमला. अ‍ॅल्युमिनियम जास्त फुगतं म्हणजे भोक बोल्टपेक्षा जास्त मोठं होतं, म्हणून पकड सुटते. हीट गन असेल तर उत्तम, कारण अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर लाल होत नाही, रंग न बदलताच एकदम वितळतं, आणि गॅसच्या ज्योतीनं हे कळायच्या आत होतं. तापलेल्या बोल्टच्या कडेला मेणबत्ती टेकवा. मेण वितळून आट्यांत ओढलं जातं. जुन्या मिस्त्रींची ही युक्ती खरंच चालते.

इथं एक गोष्ट फार गंभीरपणे सांगतो. ज्योत असो, हीट गन असो की वेल्डिंग, आधी पेट्रोलची टाकी गाडीवरून उतरवा, कार्बोरेटर रिकामा करा, आणि दोन्ही लांब ठेवा. कॉक बंद केलाय एवढ्यावर भागत नाही. आणि वेल्डिंगच्या आधी क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर तिथं मारू नका, तापल्यावर त्यातून विषारी वायू निघतो. डबा वाचा.

तरी तुटलाच, तर चिपळूणच्या मित्रासारखी अवस्था. बोल्टचा थोडा तरी तुकडा बाहेर दिसत असेल तर तुम्ही नशीबवान. त्यावर एक नट ठेवून आतून वेल्डिंग करायचं. नट साधा काळा घ्या, चकचकीत जस्ताचा मुलामा असलेला नाही, त्याचा धूर वाईट. वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोडा, सीडीआयचा कनेक्टर काढा. वेल्डिंगची उष्णता थेट बोल्टमधून आत जाते, भुगा तडकतो, आणि थोडं थंड झाल्यावर नट फिरवला की बरेचदा सगळं लोण्यासारखं बाहेर येतं. अ‍ॅल्युमिनियमला लोखंडाचं वेल्डिंग चिकटत नाही ही आपली जमेची बाजू.

तुकडा आत बुडालेला असेल तर ड्रिल. इथं ड्रिल भरकटतं. लोखंड कठीण, अ‍ॅल्युमिनियम मऊ, ड्रिलचं टोक मऊ बाजूला सरकतं आणि भोक तिरकं जातं. "हेड बदला" हा सल्ला खरा ठरतो तो या पायरीवर, बोल्ट तुटल्यामुळे नाही. उपाय सोपा आहे. टर्नरकडे जा, एक छोटं बुशिंग करून घ्या, बाहेरून फ्लँजच्या भोकात बसेल आणि आतून ३ मिमी ड्रिल जाईल असं. फ्लँज एका शाबूत बोल्टवर बसवा, बुशिंग दुसऱ्या भोकात घाला, त्यातून ड्रिल चालवा. ड्रिल आपोआप मध्यावर राहतं. उलट्या फिरणारं, म्हणजे डाव्या हाताचं ड्रिल मिळालं तर ड्रिल करता करताच तुकडा फिरून बाहेर येण्याची शक्यता असते. ईझी-आउट मात्र जपून. ते कठीण पोलादाचं असतं. आत तुटलं तर साध्या ड्रिलला दाद देत नाही, आणि मग खरोखर रडायची पाळी. मी तर म्हणेन ६ मिमीच्या बोल्टला ते वापरूच नका.

मूळ आटे वाचले तर छान. ६ मिमीला सहसा १.० पिच, ८ ला १.२५, पण गेजनं किंवा चांगल्या नटानं खात्री करा. आटे साफ करायला नवा टॅप घुसवू नका, तो चांगलं अ‍ॅल्युमिनियमही खरवडतो. जुन्या चांगल्या बोल्टच्या आट्यांवर करवतीनं उभी खाच पाडा आणि तो हातानं आतबाहेर फिरवा, भुगा खाचेत जमा होतो. नंतर हवा मारा. भोक तळाला बंद असेल तर आत तेल साचू देऊ नका, स्टड खाली जाताना तेल दाबलं जाऊन हेड तडकू शकतं. आटे गेलेच असतील तर हेलिकॉइल, म्हणजे तारेची स्प्रिंग बसवून मूळ मापाचे नवे आटे. बरं काम केलं तर ते मूळ अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा टिकाऊ निघतं. चिपळूणच्या मित्रा, तुझ्या वडिलांना सांग, भंगारवाल्याला अजून फोन करायचा नाही. जवळच्या टर्नरला करा.

स्टड कुठला घ्यायचा? कंपनीचा मिळाला तर तोच. नाहीतर ८.८ ग्रेडच्या बोल्टचं डोकं कापूनही चालतं, पण डोक्यावर ८.८ लिहिलेलं आधी बघा, बिनखुणेचा मऊ बोल्ट नको. लांबी कशी काढायची? हेडमधली पकड, अधिक पॅकिंग दाबल्यानंतरची फ्लँजची जाडी, अधिक वॉशर, अधिक नटाची उंची, अधिक दोन-तीन आटे. स्टेनलेसचा मोह सगळ्यांना होतो, चकचकीत दिसतो म्हणून. पण स्टेनलेसवर स्टेनलेसचा नट तापला की दोघं एकमेकांना असे चिकटतात की शेवटी कापावेच लागतात. मला विचाराल तर स्टड साध्या ८.८ पोलादाचा आणि वर लांब पितळी नट. पितळ गंजत नाही, पोलादाला चिकटत नाही, आणि लांब असल्यानं त्याचे मऊ आटे पुरे पडतात. जुन्या गाडीवर दिसतंही छान, हे आपलं उगाच.

स्टड बसवताना हेडच्या टोकाला अँटी-सीझ पेस्ट पातळ लावा आणि हातानं तळापर्यंत फिरवा. शेवटचा थोडा भाग फिरवायला दोन नट एकमेकांवर आवळून घ्या आणि बाहेरच्या नटावर पाना लावा. काढायचा असेल तर आतल्या नटावर. जोर लावून ठासायचा नाही, टेकला की बस्स. साधं थ्रेड लॉक इथं फुकट आहे, एवढ्या उष्णतेत ते सोडून देतं.

पॅकिंगची रिंग नवीन. जुनी एकदा चपटी झाली की परत नीट दबत नाही. सायलेन्सरचा मागचा बोल्ट आधी फक्त हातानं लावा, पुढचे दोन्ही नट आळीपाळीनं अर्धा-अर्धा फेरा आवळा, म्हणजे फ्लँज तिरकी होणार नाही, आणि मागचा सगळ्यात शेवटी. मागचा आधी आवळला तर पाइप ताणलेला राहतो, तो ताण रोज स्टडवर येतो, आणि तोच परत तुटतो. टॉर्क गाडीच्या मॅन्युअलमधला बघा. ढोबळमानानं ६ मिमीला १०, ८ ला २० न्यूटन मीटर. पण हे आकडे कोरड्या आट्यांचे. पेस्ट लावली की घर्षण कमी होतं, तेवढ्याच टॉर्कला ताण जास्त येतो, म्हणून थोडं कमीच ठेवा.

गाडी चालू करा, थंड असतानाच हेडजवळ कान द्या. टिकटिक ऐकू आली तर गळती आहे. तापल्यावर ती कधी कधी बंद होते, म्हणून थंड असतानाच ऐकायचं. हात लावू नका, एवढं सांगायला नको. पहिली दहा-पंधरा किलोमीटर चालवा, पूर्ण थंड होऊ द्या, आणि नट परत एकदा तपासा. रिंग दबलेली असते, थोडा फेरा हमखास मिळतो. त्यानंतर पावसाळा संपला की वर्षातून एकदा नट उघडून, पेस्ट लावून परत आवळा. दहा मिनिटांचं काम आहे, ऑक्टोबरमध्ये दसऱ्याला गाडी धुताना करून टाका.